दिवाळे काढून कर्ज सुटते काय?



गेल्या हंगामात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण शेतकरी आमच्यापाशी घोटाळत राहिला. सगळे गेल्यावर त्याने मोबाईल पुढे केला. त्यात एक गृहस्थ सांगत होते की अमेरिकेत माणूस कोर्टात जातो, आपले दिवाळे निघाल्याचे लिहून देतो आणि कर्जातून मोकळा होतो. "फादर, आपल्या मेहकरात हे चालते का?" असा त्याचा प्रश्न. पीककर्ज, ट्रॅक्टरचे हप्ते, बायकोच्या गटाचे कर्ज, आडत्याची उचल आणि एका सावकाराचे हातउसने, अशी पाच ठिकाणची देणी त्याच्या डोक्यावर होती. तूर हाती आली नव्हती आणि सोयाबीन पाण्यात गेले होते.

आम्ही वकील नव्हे. म्हणून त्याला लगेच उत्तर न देता आम्ही पुस्तके चाळली, जाणत्या वकिलांना विचारले, आणि मग त्याला बोलावले. तेव्हा जे सांगितले तेच येथे विस्ताराने लिहीत आहोत, कारण हा प्रश्न मनात धरून बसलेले आपल्यात पुष्कळ आहेत आणि विचारणारा एखादाच.

दिवाळे काढण्याची सोय आपल्या देशातही आहे, व ती जुनी आहे. कायद्याच्या भाषेत तिला 'नादारी' म्हणतात. (शाळेत फी माफ होई तिलाही नादारीच म्हणत. शब्दात लाज मानण्यासारखे काही नाही.) मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांसाठी १९०९ चा कायदा आहे, आणि बाकीच्या मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. २०१६ साली केंद्र सरकारने नादारीचा नवा कायदा केला, त्याची चर्चा आपण ऐकली असेल. तो मुख्यतः कंपन्यांसाठी चालतो. त्यातील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तोही केवळ कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेल्यांपुरता. त्याच कायद्यात अगदी गरीब ऋणकोसाठी 'नव्याने आरंभ' करण्याची एक तरतूद आहे. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नसलेला, अशा माणसासाठी ती लिहिली आहे. परंतु ती अमलात आणलेली नाही. तेव्हा आपल्या शेतकऱ्याला आजही शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याचाच दरवाजा ठोठवावा लागतो.

त्या कायद्याप्रमाणे ज्याचे कर्ज पाचशे रुपये वा अधिक आहे व जो ते फेडू शकत नाही, त्याला अर्ज करता येतो. पाचशे रुपयांत आज डीएपीचे पोतेही येत नाही, तेव्हा ही अट कोणालाही अडवीत नाही. अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या खालच्या न्यायालयात करावयाचा असतो. आपल्याला भालकीच्या कोर्टात विचारून मग गरज पडल्यास बिदरला जावे लागेल. अर्जात सर्व धनकोंची नावे, पत्ते व रकमा लिहाव्या लागतात. आपली सर्व मालमत्ता, तिची किंमत व ती कोठे आहे हे लिहावे लागते. आणि ती कोर्टाच्या स्वाधीन करण्याची तयारी दाखवावी लागते. एकही धनको किंवा एकही गुंठा लपवून चालत नाही. लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कोर्टाने नादार ठरविले की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकून सर्वांना वाटून देतो. त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणा धनकोला त्या कर्जासाठी नवा दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागता येतो. पुढे कोर्टाने ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी दुसरा अर्ज करावयाचा. तो मंजूर झाला म्हणजे उरलेले कर्ज सुटते. मुक्ततेपर्यंतच्या काळात वारशाने काही आले तर तेही रिसीव्हरकडे जाते, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून पन्नास रुपयेदेखील उधार घेता येत नाहीत.

मुक्ततेच्या वेळी कोर्ट एक गोष्ट फार बारकाईने पाहते. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेसुद्धा वसूल होत नसतील तर पूर्ण मुक्तता नाकारावी असा नियम आहे. मात्र ज्या परिस्थितीमुळे असे झाले तिचा दोष ऋणकोकडे नसल्याचे त्याने दाखविले तर गोष्ट वेगळी. येथे शेतकऱ्याची बाजू भक्कम असू शकते. अवकाळी पाऊस, गारपीट, विहीर आटणे, घरातील आजारपण, यांत त्याचा काय दोष? पण हे सिद्ध करावयास कागद लागतो. पीक बुडाल्याचा पंचनामा, विम्याचा अर्ज, दवाखान्याची बिले, पहाणीचा उतारा हे सर्व जपून ठेवावे. आमच्या अनुभवाप्रमाणे दवाखान्याची बिले घरात सर्वांत आधी हरवतात. उलट जुगार, आततायी धाडस आणि ऐपतीबाहेरचा डामडौल ही कारणे कायद्याने मुक्ततेच्या विरोधात धरली आहेत. लग्नाच्या मांडवावर केलेला खर्च कोणत्या रकान्यात जाईल, हे आम्ही सांगावयास नको.

आता त्या तरुणाच्या पाच देण्यांकडे येऊ. त्याला खरी निराशा येथेच आली.

ज्या कर्जाला तारण आहे त्या कर्जावर नादारीचा हात चालत नाही. जमीन बँकेकडे गहाण असेल तर बँकेचा त्या जमिनीवरचा हक्क नादारीनंतरही शाबूत राहतो. ट्रॅक्टरचे तसेच, सोन्याचे तसेच. सरकारी देणी सुटत नाहीत. फसवणूक करून काढलेले कर्ज सुटत नाही. बायको-मुलांना पोटगी देण्याचा हुकूम असेल तर तीही सुटत नाही. सावकाराने सही करून घेतलेला कोरा चेक वटला नाही तर त्याचा फौजदारी खटला वेगळाच चालतो. म्हणजे पाचांपैकी आडत्याची उचल आणि हातउसने, ही दोनच देणी खऱ्या अर्थाने या कायद्याच्या कक्षेत येत होती. त्यांसाठी रिसीव्हर, जाहीर नोटीस आणि कित्येक वर्षांच्या तारखा. अमेरिकेत १९८६ सालापासून शेतकरी कुटुंबांसाठी दिवाळखोरीच्या कायद्यात वेगळे प्रकरण आहे, ज्यात शेती चालू ठेवून हप्त्यांनी फेड करता येते. आपल्याकडे तसे प्रकरण आज नाही. एकेकाळी होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करू नये असेही होते. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आपला मुलूख तेव्हा निजामाचा होता.

पण आता जे सांगणार आहोत ते नादारीहून महत्त्वाचे आहे. ज्या गोष्टींच्या भीतीने आपला शेतकरी दिवाळे काढावयास निघतो, त्यांपैकी पुष्कळ गोष्टींपासून साधा दिवाणी कायदाच त्याचे रक्षण करतो, आणि ते त्याला ठाऊकच नसते.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम पाहा. पैशाच्या हुकूमनाम्यात कोणत्या वस्तू जप्त करता येत नाहीत याची यादी त्यात आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नये असे दागिने. शेतकऱ्याची अवजारे, पोट भरण्यास लागतील इतकी जनावरे व बियाणे. आणि शेतकरी स्वतः राहतो ते घर, त्याच्या जागेसह. मजुराची मजुरीसुद्धा. नादारीतही या वस्तू रिसीव्हरकडे जात नाहीत. मात्र ध्यानात ठेवावे की शेतजमीन या यादीत नाही, आणि जे घर आपणच लिहून गहाण दिले त्याला ही ढाल उपयोगी पडत नाही. म्हणून मुलीच्या लग्नासाठी राहते घर गहाण टाकण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ही यादी प्रथम वाचली तेव्हा आम्हांला जुन्या करारातील अनुवादाचे पुस्तक आठवले. जाते किंवा त्याची तळी कोणी गहाण ठेवून घेऊ नये, गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे नियम मोशेने घालून दिले आहेत. दळण बंद पडले तर कर्ज फिटणार कशातून, हा व्यवहार त्या काळीही लोकांना कळत होता.

तुरुंगाची भीती तर सर्वांत मोठी. वसुलीस आलेली माणसे तीच बोलून दाखवितात. खरी स्थिती अशी: कर्ज न फेडणे हा गुन्हा नव्हे. दिवाणी कैद कायद्यात आहे, परंतु दोन हजार रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यात ती मुळीच देता येत नाही, तीन महिन्यांपेक्षा अधिक देता येत नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. ऐपत असूनही जो मुद्दाम देत नाही किंवा मालमत्ता लपवितो, त्याच्यासाठी ती आहे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने स्पष्ट केले की केवळ गरिबीमुळे कर्ज थकले म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही.

गटाच्या कर्जाच्या वसुलीसाठी दारात ठिय्या देणे, शिवीगाळ करणे, बायामाणसांना धमकावणे, हे प्रकार आपल्या राज्यात इतके वाढले की फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने सूक्ष्म व लहान कर्जांच्या वसुलीतील जुलमाविरुद्ध वटहुकूम काढला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. असे कोणी दारात आले तर भगिनींनी घाबरून मंगळसूत्र काढून देऊ नये. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, आणि एकटीने न जाता चार जणींनी मिळून जावे.

जमिनीच्या लिलावाविषयीही गैरसमज आहे. २००२ चा जो कायदा बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याची मुभा देतो, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्या जमिनीसाठी बँकेला कोर्टाची वाट धरावी लागते. सहकारी संस्थांना त्यांच्या कायद्याचा मार्ग असतो. म्हणजे नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, तारखा हे सर्व असते. म्हणूनच समन्स नाकारू नये. बेलीफ आला की घरी नाही म्हणून सांगणे, ही आपल्याकडची जुनी युक्ती. तिचा परिणाम एवढाच होतो की निकाल आपल्या गैरहजेरीत लागतो. तसा निकाल लागलाच तर तो रद्द करून घेण्यास तीस दिवसांची मुदत असते. कागद कानडीत असतो व आपल्या पुष्कळांना ती लिपी वाचता येत नाही, ही अडचण आम्ही जाणतो. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून त्याच दिवशी वाचून घ्यावा.

आणखी एक. सावकाराच्या चिठ्ठीवरचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपत आली की तो गोड बोलून "नुसती सही कर" म्हणतो. मुदतीच्या आत केलेल्या त्या सहीने मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. देणे खरे असेल तर ते मान्य करावे, पण आपण कशावर सही करीत आहोत हे वाचून करावी. कोऱ्या कागदावर कधीही नाही. सावकाराला परवाना लागतो, हेही त्याला विचारावयास हरकत नाही.

त्या तरुणाने मग हळूच विचारले, अर्ज करण्याआधी जमीन मेहुण्याच्या नावावर केली तर? या प्रश्नाची आम्ही वाटच पाहत होतो. नादारीच्या अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत पुरेसा मोबदला न घेता केलेले हस्तांतर रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एकाच मर्जीतल्या धनकोला झुकते माप देऊन भागविले असेल तर तेही. त्यातून मेहुणा प्रामाणिक राहिला तर कोर्ट जमीन परत घेईल, आणि प्रामाणिक राहिला नाही तर मेहुणा घेईल.

जामीनदाराविषयी मात्र आम्हांला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या धर्मग्रामात सर्वांत खोल जखमा याच गोष्टीने केल्या आहेत. ऋणको नादार ठरून मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. कायदा असा आहे की जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, आणि धनको आधी ऋणकोकडे न जाता सरळ जामीनदाराच्या दारात येऊ शकतो. आम्ही दोन घरे पाहिली आहेत. एकाने बोअरसाठी कर्ज काढले, दुसऱ्याने शेजारधर्म म्हणून सही केली. बोअरला पाणी लागले नाही. सही करणाऱ्याच्या खात्यातून पैसे वळते झाले ते मुलाच्या कॉलेजच्या फीचे होते. कित्येक वर्षे ती दोन्ही कुटुंबे एकाच मिस्साला येत, पण एक पुढे बसे व दुसरे दारापाशी, आणि शांतीच्या अभिवादनाच्या वेळी कोणी मान वळवीत नसे. नीतिसूत्रांचे पुस्तक दुसऱ्यासाठी हमी देण्याविषयी वारंवार सावध करते. पूर्वी आम्हांला ते कठोर वाटे, आता वाटत नाही. ज्याच्यावर अशी वेळ आली त्याने एवढे जाणून घ्यावे की जामीनदाराने भरलेली रक्कम तो ऋणकोकडून मागू शकतो आणि धनकोच्या हातातील तारणावरही त्याचा हक्क पोहोचतो. भरल्याची पावती मात्र स्वतःच्या नावाची घ्यावी. आणि ज्याने कर्ज घेतले त्याने दिवाळ्याचा अर्ज करण्याआधी जामीनदाराच्या घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगावे. त्याला ते कोर्टाच्या नोटिशीतून कळू नये.

बापाचे कर्ज मुलाने फेडावे लागते काय, असे विचारणारे पुष्कळ. वारसाकडे बापाची जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. मुलाच्या स्वकष्टाच्या कमाईवर धनकोला हात टाकता येत नाही. अर्थात मुलाने स्वतः सही केली नसेल तर. त्याचप्रमाणे आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे लग्नामुळे नवऱ्याला बायकोच्या मालमत्तेत हक्क मिळत नाही. तिला माहेरहून मिळालेली जमीन वा दागिने हे त्याच्या कर्जाचे तारण नव्हे, तिने सही करून दिल्याखेरीज.

शेवटी एक प्रश्न जो कायद्याचा नाही, पण कबुलीजबाबात तो येतो: असे कर्ज बुडविणे पाप आहे का? देणे बुडविण्याच्या हेतूने घेणे ही चोरीच आहे. परंतु ज्याने प्रामाणिकपणे घेतले, राबून फेडावयाचा यत्न केला आणि जवळचे सर्व उघड करून ठेवले, तो कोर्टाने दिलेली मुक्तता घेतो यात पाप नाही. सातव्या वर्षी कर्जमाफी आणि पन्नासाव्या वर्षी गेलेली जमीन परत, ही व्यवस्था पवित्र शास्त्रात देवाच्या आज्ञेने आली आहे. आमच्या मते तरी एक देणे असे आहे की ते कोर्टाने सोडविले तरी सुटत नाही: शेतमजुराची मजुरी. कायद्याने नादाराच्या मालमत्तेतून चार महिन्यांच्या मजुरीला अग्रक्रम दिला आहे खरा, पण तो प्रत्येकी वीस रुपयांपर्यंतच. १९२० साली वीस रुपयांना किंमत असेल. आज तुरीच्या शेंगा तोडणाऱ्या बाईला त्या वीस रुपयांवर पाठवावयाचे असेल, तर पुढच्या रविवारी ख्रिस्तप्रसाद घेण्यास पुढे येण्यापूर्वी विचार करावा.

हे पान आरोग्याचेही आहे, म्हणून एवढे सांगतो. कर्जाने झोप उडते, जेवण जात नाही, माणूस बोलेनासा होतो, कोणी दारूकडे वळतो. घरच्यांनी ही लक्षणे ओळखावी. अशा वेळी फवारणीचे औषध घरात ठेवू नये. कुलूपबंद पेटीत ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. टेली मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर केव्हाही विनामूल्य बोलता येते. आणि कोणी औषध घेतलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नये. औषधाची बाटली बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. पोलिसांचे काय होईल म्हणून थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावयाचे असते. त्याला शिक्षा करावयाची नसते.

त्या तरुणाने नादारीचा अर्ज केला नाही. तो भालकीला विधी सेवा समितीत गेला. स्त्रियांना तेथे उत्पन्न न पाहता वकील विनामूल्य मिळतो, इतर पुष्कळांना उत्पन्नाची मर्यादा पाहून. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. लोकअदालतीत बँकेशी तडजोड झाली तर कोर्ट फी लागत नाही आणि त्या निकालावर अपील नसते, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. ट्रॅक्टर त्याने परत केला. बाकीच्या देण्यांची यादी आम्ही दोघांनी बसून एका वहीत केली. त्याला दीड तास लागला, कारण आडत्याची मूळ रक्कम किती आणि व्याज किती हेच त्याला ठाऊक नव्हते.

ज्यांना अशी यादी करावयाची आहे त्यांनी कोणत्याही रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर यावे. पहाणी, पासबुके, नोटिशी आणि सावकाराच्या चिठ्ठ्या, जे असेल ते एका पिशवीत घालून आणावे. पत्नीलाही बरोबर आणावे. निम्मे आकडे तिलाच पाठ असतात.